मागच्या खोलीतले दोन पायथन

पत्राचा सारांश: पत्रलेखक खानापूर तालुक्यातील असून वय २८ आहे. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात तपासणी विभागात ते नोकरीला आहेत. घरी आईवडील आणि आजी. पुण्यात असताना २०२१ मध्ये त्यांनी ओळखीच्या एका मुलाकडून बॉल पायथन जातीच्या सापांची जोडी विकत घेतली, पावती किंवा कागद मात्र घेतला नाही. त्या सुमारास बेळगाव-कोल्हापूर भागात असे साप बाळगणारी सात-आठ मुले एकमेकांच्या संपर्कात होती. पुढे कोणी परदेशी गेले, कोणी संसाराला लागले, आणि तो गोतावळा विखुरला. तो छंद आता पुन्हा उभा करावा, वडिलांनी काजूच्या उत्पन्नातून बाजूला ठेवलेले तीन लाख रुपये घालून आणखी माद्या घ्याव्यात, मागच्या खोलीत पैदास करावी आणि पिल्ले कोल्हापूर-गोव्याच्या हौशी मुलांना विकावीत, असा त्यांचा बेत आहे. एका पिल्लाचे पंधरा-वीस हजार येतील असा अंदाज आहे. "हे साप बिनविषारी आहेत, परदेशी असल्याने आपल्या कायद्यात येत नाहीत, आणि लोक साप पाळू लागले तर मारायचे थांबतील," असे ते लिहितात. वडील अर्धेमुर्धे राजी आहेत, आई त्या खोलीत पाऊल टाकत नाही आणि आजीने "देवाला डब्यात कोंडतोस काय रे?" असे विचारून बोलणे टाकले आहे. दिवाळीनंतर मुलीकडची मंडळी घर पाहायला येणार आहेत. पैदाशीला सुरुवात करावी का, आणि मुलीकडच्यांना हे सांगावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तीन लाखांचा आकडा डोळ्यांत भरला. दुसऱ्या वाचनात एक वाक्य सापडले, जे तुम्ही बहुधा सहज लिहून गेला आहात: मागच्या हिवाळ्यात मादीने दहा आठवडे काही खाल्ले नाही, तेव्हा तुम्ही दर रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या जुन्या काट्यावर तोलून वजन वहीत लिहीत होतात. बॉल पायथन थंडीत असा उपास धरतात हे तुम्हांला ठाऊक होते, तरी वही थांबली नाही. ही वही ठेवणारा माणूस आणि तीन लाखांचा बेत आखणारा माणूस एकच आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला ते दोघे वेगळे वाटतात, आणि मी पहिल्याच्या बाजूने लिहिणार आहे.

आधी कायद्याचे पाहू, कारण तुमच्या बेतातला सर्वांत कच्चा दुवा तोच आहे. "परदेशी साप आपल्या कायद्यात येत नाहीत" हे वाक्य पाच-सात वर्षांपूर्वी हौशी मंडळींत सर्रास ऐकू येत असे आणि त्या वेळी ते बऱ्याच अंशी खरेही होते. आता ते खरे राहिलेले नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइट्स नावाचा करार आहे; त्याच्या याद्यांतील प्राणी या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत आले, आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतला तुमचा बॉल पायथन त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने नियम काढून असे प्राणी बाळगणाऱ्यांना परिवेश २.० या पोर्टलवर नोंदणी करायला सांगितले. मुदत सहा महिन्यांची होती, ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली. ही नोंदणी केवळ ताब्याची नाही. प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्ले झाली किंवा प्राणी मेला, तरी त्याची नोंद करावी लागते. म्हणजे ज्या दोन सापांची सरकारदरबारी नोंद नाही, त्यांच्या अंड्यांतून निघालेले प्रत्येक पिल्लू बिनकागदी जन्माला येईल, आणि ते कोल्हापूरच्या ज्या मुलाला तुम्ही विकाल त्याच्या गळ्यातही तेच लोढणे अडकवाल.

कॉर्न स्नेकसारखे काही साप साइट्सच्या याद्यांत नाहीत हे खरे आहे, आणि तुमचे मित्र तुम्हांला तीच पळवाट दाखवतील. तरी तो साप देशात कसा आला हा प्रश्न उरतोच, कारण बाहेरून जिवंत प्राणी आणायला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत कापडी पिशव्यांतून कोंबलेले पायथन चेन्नईच्या विमानतळावर वारंवार पकडले गेले आहेत. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या मादीमागे अशी बॅग असण्याची शक्यता किती, हे तुम्हीच ठरवा. शिवाय विक्री हा धंदा म्हणून करायची झाली तर पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांखाली राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मागच्या खोलीला पाटी नसली म्हणून ती दुकान ठरत नाही असे मानू नका.

सीमाभागातल्या माणसाला एका कामासाठी दोन सरकारांचे उंबरठे झिजवणे नवे नाही. तुमच्या बेतात तीन सरकारे आहेत. साप खानापुरात, म्हणजे कर्नाटकाचे वनखाते. गिऱ्हाईक कोल्हापुरात, म्हणजे महाराष्ट्राचे. आणि दुसरे गिऱ्हाईक चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात. प्रत्येक राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक वेगळा. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर कोणी डबा उघडायला लावला, तर "साहेब, हा बिनविषारी आहे" हे उत्तर मराठीत द्यावे की कन्नडमध्ये, हा तुमच्यापुढचा सर्वांत सोपा प्रश्न असेल.

आता हिशेबाकडे येऊ. तुमच्याकडे एक जोडी आहे असे तुम्ही म्हणता. ती जोडीच आहे हे कोणी तपासले? सापाचा नर-मादीपणा बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही. शेपटीच्या मुळाशी बोथट सळई घालून तज्ज्ञ माणूस तपासतो, आणि ते नवख्याने केले तर साप जखमी होतो. "जोडी" म्हणून घेतलेले दोन नर निघाल्याचे किस्से या छंदात नवे नाहीत. समजा मादी मादीच आहे. ती साधारण दीड किलोची झाल्यावरच तिच्यापासून पैदास घ्यावी असे अनुभवी पाळणारे सांगतात. एका खेपेला चार ते आठ अंडी, तीही दर वर्षी होतीलच असे नाही. कोंबडीच्या अंड्यासारखी ही अंडी फिरवून चालत नाहीत. आतला गर्भ कवचाला चिकटलेला असतो, म्हणून घातल्या जागी पेन्सिलीने वरच्या बाजूला खूण करून, ती खूण वरच राहील अशा बेताने उचलावी लागतात. त्यानंतर ५५ ते ६० दिवस सुमारे ३१-३२ अंशांचे तापमान, दिवसरात्र, न ढळता. अंडी एप्रिल-मेमध्ये आली तर हे दिवस नेमके जूनमध्ये पडतात. खानापूरच्या जूनमध्ये वीज किती वेळा आणि किती तास जाते हे मी तुम्हांला सांगायला नको. ओलीने अंड्यांवर बुरशी धरते ती वेगळीच. पिल्ले बाहेर आली, पहिली कात टाकली, तरी काही पिल्ले आठवडेच्या आठवडे खात नाहीत. आणि जी खातात त्यांना उंदराची कोवळी पिल्ले लागतात. म्हणजे सापांच्या खोलीशेजारी पांढऱ्या उंदरांची खोली आली, किंवा घरातल्या फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी गोठवलेल्या उंदरांची पिशवी आली. आईने यातले काय मान्य केले आहे, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही.

तरीही मला खरा अडथळा हा वाटत नाही. मेहनती माणूस इन्व्हर्टर बसवील, उंदीर पाळील, कागदही करील. अडथळा विक्रीच्या गणितात आहे. तुमची पिल्ले कोण घेणार? घरात एक साप असावा म्हणून घेणारे थोडे. बाकीचे घेणार ते तुमच्यासारखेच, पैदास करून विकण्यासाठी. आज जो तुमचा गिऱ्हाईक, तो तीन वर्षांनी तुमचा स्पर्धक. अमेरिकेत १९९२ मध्ये पहिले पांढरे-पिवळे अल्बिनो बॉल पायथन बंदिवासात जन्मले, तेव्हा एकेका पिल्लाला हजारो डॉलर मिळत. तेच पिल्लू तिथे आज किरकोळ किमतीला मिळते, कारण अंडी घालणारी वस्तू दुर्मिळ राहू शकत नाही. मग नव्या रंगाच्या, नव्या नक्षीच्या मागे धावणे सुरू होते. या धावण्यात 'स्पायडर' नावाची एक नक्षी फार गाजली. त्या सापांचे डोके जन्मभर डुलते आणि भक्ष्यावरची झेप चुकते, कारण नक्षीबरोबर मज्जासंस्थेचा दोषही वारशाने येतो. हे माहीत असूनही ते विकले गेले.

इतक्या दूर जायची गरज नाही. इमूपालनाची लाट आठवा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कडकनाथ कोंबड्यांच्या नावाने जे झाले ते तर तुमच्या वडिलांच्या वयाच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. त्यात फसवणूक होती आणि तुमच्या बेतात ती नाही, हा फरक मी मान्य करते. पण जो धंदा खाणाऱ्या किंवा वापरणाऱ्या गिऱ्हाइकावर उभा नसून पुढच्या पैदासकारावर उभा असतो, तो प्रामाणिक माणसाने केला तरी त्याच ठिकाणी येऊन थांबतो. काजूचे तीन लाख या कारणासाठी घालू नका. हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे लिहीत आहे.

"लोक साप पाळू लागले तर मारायचे थांबतील" या तुमच्या युक्तिवादावर मी बराच वेळ विचार केला, कारण तो मनापासून आलेला आहे. तो मला पटत नाही आणि त्याचे कारण तुमच्या सापाच्या पाठीवरच आहे. जाड अंग, तपकिरी रंग, गडद ठिपक्यांची नक्षी, आखूड शेपूट. हे वर्णन बॉल पायथनचे आहे आणि थोड्या फरकाने घोणशीचेही. घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात घातल्याने माणसे दगावली आहेत. सर्पमित्रांना हा धोका पाठ असतो. तुमच्या शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाने तुमच्या घरी एक ठिपक्यांचा, मऊ स्वभावाचा, गळ्यात घालून मिरवता येणारा साप दहा वेळा पाहिला, आणि अकराव्या वेळी तसाच साप त्याला भाताच्या बांधावर दिसला, तर तो काय करील? साप मारणे थांबवण्यासाठी ओळख वाढवायची ती बांधावरच्या सापांची. उलट बाजूनेही पाहा: तुमची मादी खोलीतून निसटून शेजारच्या परड्यात गेली, तर तिला कोणी बॉल पायथन म्हणून ओळखणार नाही, काठी घेऊन येणारा तिला घोणसच समजेल. आणि ती भीमगडच्या रानापर्यंत पोचली, तर वेगळाच प्रश्न. कॅलिफोर्नियातला किंगस्नेक हौशी लोकांच्या हातून सुटून स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पसरला आणि तिथे त्याने बेटावरच्या सरड्यांची दाणादाण उडवली. आपल्या पावसात आफ्रिकेचा साप तसा टिकेलच असे मी म्हणत नाही, पण त्याच्या अंगावरच्या गोचिड्या आणि रोग आपल्या सापांना लागायला त्याला टिकण्याची गरज नसते.

पत्राच्या कडेला, जवळजवळ कंसात, तुम्ही लिहिले आहे की एका अनोळखी माणसाने फोन करून "मांडूळ मिळेल काय?" असे विचारले. हा फोन तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. मांडूळ हा बिचारा मातीत राहणारा, बोथट शेपटीमुळे दुतोंड्या वाटणारा निरुपद्रवी साप. गुप्तधन आणि जादूटोण्याच्या खुळापायी त्याचा लाखांत सौदा होतो. सापाचा व्यवहार करतो अशी ख्याती झालेल्या माणसाकडे हे फोन येतातच, आणि त्यांतला एखादा फोन सापळा लावणाऱ्या पोलिसांचाही असतो. आपल्या देशी सापांच्या बाबतीत कायदा मुळीच सैल नाही. अजगरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजारांचा दंड आहे. तो क्रमांक ब्लॉक करा आणि तुमच्या जुन्या गोतावळ्यातून तो कोणी दिला याची चौकशी करून त्या माणसाशीही अंतर ठेवा.

आजीच्या वाक्याबद्दल दोन शब्द. तुम्ही ते अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारले आहे. पंचमीला वारुळाला लाह्या-दूध वाहणाऱ्या, त्या दिवशी विळी हातात न धरणाऱ्या आणि तंबिटाचे लाडू वळणाऱ्या बाईने आयुष्यभर नाग कुठे असावा हे मनाशी ठरवलेले असते: वारुळात, बांधावर, आपल्यापासून दहा हात लांब. साप दूध पीत नाही हे तिला सांगता येईल. पण तिचा प्रश्न दुधाचा नाही, डब्याचा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्या पत्रात मला सापडले नाही.

मग करायचे काय? हे दोन साप सोडून देऊ नका, विकू नका, मित्राच्या घरी हलवूही नका. यातली कोणतीही गोष्ट आजची चूक मोठी करील. प्रथम वन्यजीव कायद्याची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाला भेटा. ज्याने तुम्हांला साप विकले त्याच्याशी संपर्क होत असेल, तर एक गोष्ट नक्की विचारा: २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना कागदपत्रांची सक्ती न करता स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली होती, ती त्याने घेतली होती का? घेतली असेल तर तुमच्या कागदांची सुरुवात तिथून होऊ शकते. नंतर वकिलाच्या सल्ल्याने, सापांचे फोटो, वजनाची वही आणि खरेदीच्या वेळचे फोनवरचे संदेश घेऊन, वनखात्याच्या बेळगाव कार्यालयात स्वतःहून जा. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या. तत्त्वाचा प्रश्न दुसऱ्या एखाद्या दिवशी. ते साप ताब्यात घेतील अशी शक्यता आहे आणि ती मी लपवत नाही. पण हे साप वीस-तीस वर्षे जगतात. तेवढी वर्षे मागच्या खोलीचे दार ओढून घेत राहणे हाही एक प्रकारचा डबाच आहे, आणि त्यात तुम्ही असाल. ज्या वाचकांकडे असेच बिनकागदी परदेशी पोपट, इग्वाना किंवा कासवे आहेत, त्यांनाही माझे हेच सांगणे आहे. आधी आपल्या प्राण्याची जात साइट्सच्या यादीत आहे का ते पाहा.

नोंदणी होऊन साप तुमच्याकडे राहिले, कागद सरळ झाले, आणि तरीही एकदा अंडी उबवून पाहायची ओढ उरली, तर ती एका मादीपुरती, स्वतःच्या पगारातून, जन्माची नोंद करून आणि एकही पिल्लू विकण्याचे गृहीत न धरता पुरी करा. एवढ्यावर समाधान होत नसेल, तर ओढ अंड्यांची नव्हती असे समजायला हरकत नाही.

आणि तो विखुरलेला गोतावळा? तो विकण्या-घेण्याने पुन्हा जुळेल असे तुम्हांला वाटते. माझा भाऊ शहापुरात गच्चीवर कबुतरे पाळत असे. त्याच्याकडे संध्याकाळी पंधरा मुले जमत, ती कबुतरे घ्यायला नव्हे, आकाशाकडे बघत भांडायला. तुमच्या भागात बघण्यासारखे काय कमी आहे? जांबोटी-कणकुंबीच्या रानात पावसाळ्यात झुडपांवर चापडे हे विषारी साप दिसतात, जे पाहायला लोक दुरून अंबोलीला येतात. बेळगावहून जवळच, चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीच्या शाळेत बाबुराव टक्केकर गुरुजींनी सर्पालय उभे केले आणि शेतकऱ्यांच्या पोरांना साप ओळखायला शिकवले. कर्नाटकातल्याच आगुंब्याला २००५ पासून पर्जन्यवनाचे संशोधन केंद्र चालते. सापावर पोट भरायचेच असेल, तर तमिळनाडूतल्या इरुळा सर्पविष सहकारी संस्थेकडे पाहा. १९७८ पासून ती परवान्याने साप धरते, विष काढते, साप परत सोडते, आणि त्या विषातून प्रतिविष तयार होते. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. अशा वेळी खानापूरच्या गावागावांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची ओळख करून देणारा, दंश झाल्यावर मांत्रिकाकडे न नेता कोणत्या दवाखान्यात न्यायचे हे शाळेत समजावणारा माणूस लागतो. वजनाची वही ठेवणारा माणूस त्या कामाला शोभेल. सर्पमित्र व्हायचे असेल तर मात्र वनखात्याच्या परवानगीने आणि रीतसर शिकून; हातात नाग धरून फोटो काढण्यासाठी नव्हे.

मुलीकडच्यांना सांगावे का, याचे उत्तर होय. ते येण्यापूर्वी, आणि तुमच्या तोंडून. फ्रीज उघडताना मुलीच्या आईला कळण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. मुलीला आधी सांगा, मग वडीलधाऱ्यांना. कागदाचे काय चालले आहे तेही सांगा. त्यांनी पाहायची इच्छा दाखवली तर खोलीचे दार उघडा, पण टबाचे झाकण लावलेले असू द्या आणि साप हातात घेऊन दाखवू नका. घाबरलेल्या माणसाला "काही करत नाही हो" असे सांगणे हा आग्रह असतो. मुलगी नाही म्हणाली, तर निदान खऱ्या गोष्टीला नाही म्हणाली असेल.

शेवटचे एक काम लगेच करण्यासारखे आहे. दोन्ही साप एकाच टबात ठेवता असे तुम्ही लिहिले आहे. रात्री थंड होऊ लागल्या की नोव्हेंबरपासून त्यांचा जुळण्याचा हंगाम सुरू होतो. आजच दुसरा टब आणा, कुलपाचे झाकण असलेला, आणि त्यांना वेगळे ठेवा.